आणखी एक फेरी

थंडी पडली की आमच्या सेलूत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. जिनिंगकडे कापसाच्या गाड्या लागतात आणि त्याच रस्त्यावर पहाटे भरतीची पोरंपोरी पळायला लागतात. गाड्यांतून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून बसतो. धुक्यात आधी तो कापूस दिसतो, मग रस्ता, आणि मग बुटांचा आवाज येतो. माझं घर रस्त्याला लागूनच आहे. अंथरुणात पडल्या पडल्या मी आवाजावरून सांगू शकतो, की कोण मुरलेला आहे, कोण कालपासून यायला लागलाय आणि कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा हलका पडतोय. तीन हिवाळ्यांपूर्वी असाच एक हलका पडणारा पाय मी रोज ऐकत होतो आणि कानाआड करत होतो.

मी एका शाळेत लिपिक आहे, पण गावात मला ओळखतात ते सिनेमावाला म्हणून. कुठला सिनेमा पाहावा, कुठला पाहू नये, हे लोक मला विचारतात आणि नाही विचारलं तरी मी सांगतो. खेळावरचे सिनेमे म्हणजे माझा जीव की प्राण. त्यांत पुढं काय होणार ते मला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पूर्वी एकदा हरलेला, दाढी वाढलेला प्रशिक्षक असणार. ज्यांना कुणी विचारत नाही अशी पोरं असणार. एक गाणं लागणार आणि त्या गाण्यात तीन महिने सरणार. शेवटच्या सामन्यात हिरोचा पाय नाहीतर खांदा जाणार, डॉक्टर नको म्हणणार, प्रशिक्षक त्याच्या डोळ्यांत बघणार आणि तो उठणार. सगळं ठाऊक असूनही मी खुर्चीच्या कडेला सरकून बसायचो. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा विचारलं होतं, 'अहो, तुमी स्वतः कधी पळालात का?' मी म्हणालो, मी प्रेक्षक आहे. तेव्हा सगळे हसले होते, मीही हसलो होतो.

सुपरहिरोंचे सिनेमे मात्र मला बिलकुल चालायचे नाहीत. कुणाला किडा चावला, कुणावर वीज पडली, की लागला उडायला. त्यात घाम कुठं आहे? कष्ट कुठं आहेत? बरं, शहर वाचवायचं म्हणून अर्धं शहर पाडायचं आणि ते झाडायला कोण येतं हे दाखवायचं नाही. फुकट मिळालेल्या ताकदीचं कसलं कौतुक, असं मी शाळेच्या व्हरांड्यात चहा पिता पिता ठणकावून सांगायचो. माझ्या मतांना गावात चांगला भाव होता.

अश्विनी आमच्याकडं आली ती दिवाळी झाल्यावर. माझी मोठी बहीण बोरीला दिलेली, तिची ही धाकटी. अक्का एका हातात तिची बॅग आणि एका हातात ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "भाऊ, हिला पोलिसात जायचंय. बोरीत पोरीला पहाटं एकटं कुठं सोडावं? तुझ्याकडं रस्ता हाय, तू हायस. आता तूच बघ." तूच बघ, हे तिनं सहज म्हटलं. मला मात्र वाटलं, की आपला सिनेमा सुरू झाला.

शाळेतली मोजायची टेप आणली. जिनिंगच्या फाटकापासून कालव्याच्या पुलाकडं चारशे मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना फक्कीनं रेघा मारल्या. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, म्हणजे जाऊन-येऊन एक फेरी. शाळेच्या मैदानावर काळी माती आहे. पावसाळ्यात ती बुटांना धरून बसते आणि हिवाळ्यात भेगाळते, पाय अडकला की मुरगळलाच. म्हणून इथली सगळी पोरं डांबरावर पळतात. डांबरावर रोज पळलं की नडगी धरते हेही त्यांना माहीत असतं, म्हणून शहाणी पोरं एक दिवसाआड पळतात. तो मधला दिवस मी काढून टाकला. सिनेमात विश्रांतीचा दिवस मी कधी पाहिला नव्हता.

त्या दीड महिन्याचे तुकडे आजही मला जसेच्या तसे आठवतात. धुक्यात तिची लाल ओढणी कमरेला गुंडाळलेली. फाटकाशी मोबाइलवर वेळ लावून, कानटोपी घालून उभा असलेला मी. तिच्या तोंडातून निघणारी वाफ. पहिल्या गाडीवाल्याचा, 'अहो भाऊसाहेब, पोरीला चहा तर पाजा' असा टोमणा. ती परत आली की मी वेळ सांगायचो आणि लगेच म्हणायचो, "आणखी एक फेरी." ती कमरेवर हात ठेवून दोन क्षण बघायची आणि वळायची. खरं सांगतो, त्या वेळी मला फार आनंद व्हायचा. चाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या शब्दाखातर कुणी पळालं नव्हतं.

रविवारी दुपारी मी तिला खेळाचे सिनेमे दाखवायचो. सुनीता, माझी बायको, तुरीच्या शेंगा उकडून परातीत ठेवायची आणि आम्ही तिघं शेंगा सोलत बघत बसायचो. एका सिनेमात शेवटची शर्यत होती. हिरॉईन पडते, उठते, लंगडत पळते आणि जिंकते. माझे डोळे भरून आले होते. अश्विनी मात्र भलतंच काहीतरी बघत होती.

"मामा, ती निळ्या बनियनवाली कोण होती?"

"कोण निळी?"

"दुसरी आली ती. ती बी पडली की मगाशी. तिच्या गुडघ्याचं रक्त दिसलं मला. तिचं पुढं काय झालं?"

"तिचा सिनेमा न्हाई ना हा," मी म्हणालो.

"मग माझा सिनेमा हाय का हे कसं कळावं?" ती हसत म्हणाली आणि शेंगांचे मूठभर दाणे तोंडात टाकले. सुनीता माझ्याकडं बघायला लागली. मी रिमोट घेतला आणि मागं जाऊन तो उठण्याचा प्रसंग पुन्हा लावला.

तिला आवडायचे ते सुपरहिरो. मोबाइलवर, कानात वायरी घालून, हिंदीतून बघायची. मी नाक मुरडलं, की म्हणायची, "तुमच्या पिच्चरमधी सगळे हिरोच्या मागं लागतेत, पळ पळ, उठ उठ. ह्याला कुणी काई म्हणत न्हाई. त्याची ताकद त्याची असती. वाटलं तर उडतो, न्हाई तर घरी बसतो." मी तिला समजावलं, की हे पोरकटपण आहे, जगात असं नसतं. जगात कसं असतं ते मला माहीत होतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

पौषात तिची नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना आणि मग जिना उतरतानाही. "मामा, पाय लय दुखायलाय. हाडात दुखायलाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "दुखणं म्हणजे पाय मजबूत व्हायलाय. ह्याच्यातूनच जावं लागतं." हे वाक्य माझं नव्हतं. कुठल्या तरी सिनेमातून उचललेलंही नव्हतं, सगळ्या सिनेमांतून मिळून तयार झालेलं होतं. तिनं मान डोलावली. सुनीतानं तव्यावरचा मिठाचा शेक दिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवा. लेकराचा पाय हाय तो." बायकोच्या आग्रहानं मी अश्विनीला परभणीला नेलं. स्वतःहून नेलं नव्हतं.

तिथं पायाचा फोटो काढला. आमच्याकडं एक रीत आहे, तिच्याबद्दल कुणी कधी विचार करत नाही. रिपोर्ट आला की कंपाउंडर बाहेर येऊन विचारतो, 'पेशंटबरोबर कोण हाय?' आणि घरातलं मोठं माणूस उठून आत जातं. ज्याचा पाय असतो ते बाहेर बसतं. त्यातून पेशंट लग्नाची मुलगी असली तर विचारायलाच नको. अश्विनीही माझ्याबरोबर उठली होती. मी हातानं तिला खाली बसवलं आणि आत गेलो.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला आणि पेनाचं टोक टेकवून दाखवलं. "ही बारीक रेघ दिसते का? हाडाला तडा आहे. दोन महिने पळणं पूर्ण बंद. आता ऐकलं तर आपोआप भरून येईल. नाही ऐकलं तर इथंच मोडेल." भरतीचं मैदान तीन आठवड्यांवर होतं. मी म्हणालो, तिची भरती आहे. डॉक्टर म्हणाले, "भरती पुढच्या खेपेला येते. मुलीला नीट सांगा."

मुलीला नीट सांगायचं काम घेऊन मी बाहेर आलो. दारापासून बाकापर्यंत सात-आठ पावलं असतील. तेवढ्यात मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, माझ्या डोळ्यांपुढं डॉक्टर नको म्हणतात तो प्रसंग उभा राहिला आणि त्याच्यापुढचा प्रसंग मला तोंडपाठ होता. "काय म्हणाले?" अश्विनीनं विचारलं. मी म्हणालो, "सूज हाय. गोळ्या दिल्यात. पट्टी बांधून पळता येतं." ती हसली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि ती म्हणाली, "मला वाटलं बंदच करा म्हणतेत का काय." एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. सुनीतालाही मी तेच सांगितलं.

मी खोटं बोललो. ह्याला दुसरा कुठला शब्द नाही, आणि तीन वर्षं मी दुसरा शब्द शोधतोय.

मैदानावर आम्हाला आत सोडत नाहीत. जाळीच्या बाहेर पालकांची गर्दी असते, कुणी झाडावर, कुणी गाडीच्या सीटवर उभं. छातीवर नंबर लावलेल्या मुली दुरून सारख्याच दिसतात. लाल ओढणी नव्हती, त्यामुळं मला ती सापडेना. पहिला वळसा झाला. दुसऱ्या वळशाच्या शेवटी एक मुलगी खाली गेली आणि माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "उठल, उठल." मीही मनात तेच म्हणत होतो. ती उठायला गेली. पाय जमिनीवर टेकला आणि ती ओरडली. तो आवाज जाळीपर्यंत आला. बाकीच्या मुली तिच्या बाजूनं पळत गेल्या, त्यांना थांबता येत नव्हतं.

दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी दाराबाहेर मला विचारलं, आधी काही तपासणी केली होती का. मी म्हणालो, थोडं दुखायचं, तपासणी नाही केली. हे दुसरं. पहिल्या खोट्यामागं निदान आशा होती, ह्याच्यामागं फक्त भीती होती. बोरीहून आलेली अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती मला म्हणाली, "तू लय केलंस भाऊ तिच्यासाठी. नशीबच खोटं तिचं." मी तिच्याजवळ बसलो नाही, औषध आणायचं निमित्त करून खाली गेलो.

पाय जुळला, पण आत सळी आहे. चालताना कळत नाही, जिना चढताना कळतं. पळायचं मात्र संपलं. अश्विनी बोरीला परत गेली नाही. बाजारातल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात ती काम करते, आमच्याकडंच राहते. भरतीचे फॉर्म तीच भरून देते. कुणी पायाचं विचारलं की सांगते, "माझंच चुकलं. मीच दुखणं अंगावर काढलं." सकाळी मला चहा देते. तिच्या हातचा चहा घेताना मी कपाकडं बघतो, तिच्याकडं नाही.

खेळाचे सिनेमे मी आता बघत नाही. गाणं सुरू झालं आणि कुणी पळायला लागलं, की चॅनेल बदलतो. त्या गाण्यात तीन महिने सरतात त्यांतला प्रत्येक दिवस मला आता मोजता येतो. बघतो ते सुपरहिरोंचे, ज्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. माझी बरीच मतं चुकीची होती. त्यांतही कष्ट असतात, फक्त ते स्नायूंचे नसतात. आणि आता कुठं माझ्या ध्यानात आलंय, की ह्या प्रत्येक सिनेमात एक वडीलधारा माणूस असतो. त्याला हिरोबद्दलची खरी गोष्ट माहीत असते आणि तो ती दाबून ठेवतो. हिरोच्या भल्यासाठी, असं तो म्हणतो. मध्यंतरानंतर ते फुटतं. हिरो चिडतो, पाठ फिरवतो, पण तेवढ्यात शत्रू चालून येतो आणि शहर वाचवायच्या गडबडीत त्या म्हाताऱ्याला माफी मिळून जाते. मी तो प्रसंग फार लक्ष देऊन बघतो. आमच्या सेलूवर काही कुणी चालून येत नाही. इथं सांगायला तीन वर्षं निवांत वेळ होता.

मागच्या हिवाळ्यापासून अश्विनी मुलींना पळवायला लागली. दुकानात फॉर्म भरायला येणाऱ्या मुली तिच्याशी बोलता बोलता तिच्या झाल्या. सात-आठ जणी आहेत, काही इथल्या, काही खोली करून राहिलेल्या. पहाटे ती हळूहळू चालत फाटकापाशी जाते आणि वेळ लावते. मी त्या रस्त्याला गेलो नव्हतो. अंथरुणातून तिचा आवाज ऐकायचो, शब्द कळायचे नाहीत.

परवा तिचा मोबाइल घरी राहिला. तो सारखा वाजायला लागला, दुकानाच्या मालकाचा फोन होता. सुनीता म्हणाली, "जाऊन देऊन या, काई तरी अर्जंट असल." मी गाडी काढली. धुकं बरंच होतं. फाटकाशी अश्विनी शाल गुंडाळून उभी, हातात एका मुलीकडून घेतलेलं घड्याळ. बाजूला दगडावर कोमल बसली होती. कोमल म्हणजे ताडकळसची मुलगी, खोली करून राहते, तिच्या वडिलांना मी एकदा दुकानात पाहिलं होतं. तिनं पायमोजा खाली केला होता आणि दोन्ही हातांनी नडगी दाबून धरली होती.

"ताई, हाडात दुखायलंय," ती म्हणाली.

अश्विनी तिच्याकडं न बघता, रस्त्याकडं डोळे लावून म्हणाली, "दुखणं म्हणजे पाय मजबूत व्हायलाय. ह्याच्यातूनच जावं लागतं. उठ. आणखी एक फेरी."

शब्द न शब्द तोच. ती चिडून म्हणत नव्हती, मायेनंच म्हणत होती, मी म्हणायचो तसंच. कोमल दगडाला हात टेकून उठायला लागली. मी म्हणालो, "बस, बाई. उठू नको." दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मग मी अश्विनीला सांगितलं. रस्त्यात उभं राहून, गाडी चालू ठेवूनच सांगितलं, कारण बंद केली असती तर पुन्हा धीर झाला नसता. की परभणीच्या डॉक्टरांनी सूज म्हटलंच नव्हतं. हाडाला तडा आहे म्हणाले होते, दोन महिने पळू देऊ नका म्हणाले होते, मुलीला नीट सांगा म्हणाले होते. मी सांगितलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं.

अश्विनीनं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. पुलाकडून मुली परत येत होत्या. एकेक जण रेघेवर आली तसा तिनं एकेकीचा वेळ मोठ्यानं सांगितला. आवाज जरा चढा होता, बाकी नेहमीसारखा. शेवटची आल्यावर तिनं सगळ्यांना हातपाय मोकळे करायला पाठवलं आणि माझ्याकडं वळली. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल, ओरडेल. मला ते हवंच होतं.

"अक्काला म्हाईत हाय?" तिनं विचारलं. ती आपल्या आईला आमच्यासारखंच अक्का म्हणते.

"न्हाई. कुणालाच न्हाई. मामीलाही न्हाई."

"मामी मला मिठाचा शेक देत होती रोज," ती म्हणाली. कोमलचा पायमोजा तिनं वर ओढून दिला. मग म्हणाली, "कोमलला गाडीवर घ्या. दवाखाना उघडला की दाखवा. फोटो काढायला लावा."

मी हो म्हणालो आणि तिचा मोबाइल तिच्या हातात दिला.

"आन् डॉक्टर बोलवतील तवा आत ती जाईल. एकटी. तुमी बाहेर बसा."

सेलूतही आता हाडांचा दवाखाना झालाय. दहा वाजेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. कोमल मधूनमधून नडगी चोळत होती. फोटो निघाला, थोड्या वेळानं कंपाउंडर दारात आला आणि त्यानं विचारलं, "पेशंटबरोबर कोण हाय?"

माझे गुडघे आपोआप सरळ झाले. मी अर्धा उठलोच होतो. कोमलनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "पेशंटच येतंय."

कंपाउंडरला ते रुचलं नसावं, पण तो बाजूला झाला. ती भिंतीला हात लावत आत गेली आणि दार लागलं. आतलं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. दहाएक मिनिटांनी ती हातात मोठा पिवळा लिफाफा घेऊन बाहेर आली. मी विचारलं नाही. तिनंही मला काही सांगितलं नाही. तिथंच उभी राहून तिनं अश्विनीला फोन लावला, आणि बोलायच्या आधी माझ्याकडं पाठ केली.